चीज वितळवण्याचे पैसे

घरी पाच मिनिटांत होणारं ग्रिल्ड चीज सँडविच खायला माणसं बाहेर का जातात? ओहायोतल्या लेकवूडमध्ये 2006 साली ‘मेल्ट बार अँड ग्रिल्ड’ उघडलं, ते याच साध्या पदार्थाच्या जिवावर. मला हा प्रश्नच फसवा वाटतो. घरी जे होतं ते बाहेर खायचं नाही असं ठरवलं, तर आपल्याकडच्या निम्म्या हॉटेलांना टाळं लागेल. खरी मेख चीजमध्ये आहे. जेम्स क्राफ्टने 1916 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते प्रोसेस्ड चीज आज कसंही तापवा, निमूट वितळतं. मुरलेलं चेडर मात्र घाईच्या आचेवर फुटतं. तेल एकीकडे, रबरी गोळा दुसरीकडे. म्हणून मंद आच, पावाला बाहेरून लोणी, आणि कडा तपकिरी होईतो धीर. पैसे त्या धीराचे.

मग अशा सँडविचमध्ये लॉबस्टरसारखं भरण कशाला, असं कुणी म्हणेल. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा. दोन कापांत वाट्टेल ते भरताड कोंबलं, की मधलं चीज तापायच्या आत पाव करपतो. मुंबईचा सँडविचवाला हे जाणतो. बटाटा, बीट, काकडी, सगळं पातळ कापतो. ‘मेल्ट’च्या नावातला बार मात्र निव्वळ दिखावा नव्हे. बिअरचा कडवटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तुपकट थर उतरवतात, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. टोमॅटोचं सूप आंबटपणाने तेच काम करतं, आणि स्वस्तात.