जामीन

भिलाईचा पोलाद कारखाना कर्जावर उभा राहिला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. चार वर्षांनी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. हे आकडे मी हौसेने पाठ केलेले नाहीत. माझ्या स्वतःच्या कर्जाला साडेबारा टक्के लागले, तेव्हा चडफडत शोधून काढले होते.

त्या कराराबरोबर नुसती यंत्रं आली नाहीत. शेकडो तरुण भारतीय इंजिनीअर शिकायला सोव्हिएत पोलाद कारखान्यांत गेले. भिलाईच्या सेक्टर सातमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका त्यांतले एक. झापोरोझ्येहून त्यांनी एक कॅमेरा आणि एक समोवार आणला होता. समोवारात चहा कधी झाला नाही. काकू त्यावर मोत्यांचं तोरण घालून तो गणपतीच्या आराशीत मांडायच्या. काका निवृत्त होऊन क्वार्टर सोडायच्या बेतात होते, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. सामान बांधता बांधता मी त्यांना विचारलं, तिकडे शिकायला गेलात त्या तिकिटाचे पैसे कोणी दिले?

“प्लांटनं.”

“आणि पगार?”

“चालू होता की.”

“परत आल्यावर नोकरी नसती मिळाली तर?”

काका नुसतेच हसले. प्रश्नच कळला नसावा त्यांना. जायच्या आधी त्यांची जागा ठरलेली होती, भट्टीचं काम इकडे चालू होतं, माणसाची वाट बघितली जात होती. झालंच नुकसान तर ते सरकारचं. पोराच्या बापाला कुठे सही करावी लागली नव्हती.

तो काळच तसा होता म्हणा. १९६१ मध्ये कोलकात्याचं आयआयएम एमआयटीच्या मदतीने आणि अहमदाबादचं हार्वर्डच्या मदतीने सुरू झालं. व्यवस्थापन शिकायला सगळ्यांनी बोस्टन गाठण्यापेक्षा बोस्टनच इकडे आणा, असा तो हिशेब. मला तो आजही शहाणपणाचा वाटतो.

मी दुर्गच्या बीआयटी कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं आणि पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. काही वर्षांतच लक्षात आलं, की शॉप फ्लोअरवरची माणसं मीटिंगमध्ये उत्तरं देतात आणि प्रश्न विचारणाऱ्यांपाशी मॅनेजमेंटची डिग्री असते. मला टेबलाच्या पलीकडे बसायचं होतं. परदेशी एमबीए करायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, “रायपूरला गेल्या वर्षीच आयआयएम उघडलंय. घरून डबा येईल.” चेष्टा नव्हती ती.

शेवटी आम्ही बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं, तर तेव्हा तारण लागायचं. माझा आकडा वीस लाखांपर्यंत जात होता. आता गंमत बघा. भिलाईत जन्म घालवलेल्या माणसाकडे घर असतंच असं नाही, क्वार्टर प्लांटचं. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या वाट्याच्या शेतीत बँकेला रस नव्हता. उरला नेहरूनगरचा प्लॉट, निवृत्तीनंतर बांधायचा म्हणून आईने भिशीचे पैसे साठवून घ्यायला लावलेला. बाबा सहकर्जदार झाले, प्लॉट तारण गेला. प्रत्येक पानावर सही करताना ते दर वेळी चष्मा पुसत होते. काकांच्या वेळी प्लांट जिथे उभा होता, तिथे माझ्या वेळी बाबा उभे राहिले.

सप्टेंबर २०११ मध्ये एमबीएसाठी इंग्लंडमधल्या लीड्सला पोचले तेव्हा पौंड ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरात, फीचा पुढचा हप्ता भरायच्या वेळी, ८०च्या वर गेलेला. शिवाय शिक्षणानंतर दोन वर्षं तिथे राहून काम करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ पासून बंद होणार, हे आधीच जाहीर झालं होतं. आमचं वर्ष संपणार सप्टेंबरात. प्रायोजक कंपनी मिळाली तरच राहता येणार होतं, आणि तेव्हा तिकडे कंपन्या आपलीच माणसं कमी करत होत्या.

शिकले मात्र खूप. आमच्या गटात एक नायजेरियन बँकर, एक चिनी बाई आणि एक ग्रीक जहाजवाला होता. एकाच कागदाकडे चौघं चार दिशांनी बघायचे. सगळ्यांत जास्त कामाला आलं ते वित्ताच्या वर्गातलं साधं गणित: आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया एक नव्हे. एका रविवारी मी ते माझ्याच डिग्रीला लावलं. फी, खोलीभाडं, बुडालेला पगार, व्याज. लंडनच्या पगारावर मांडलं तर सगळं झकास होतं. पुण्याच्या पगारावर मांडलं, तर फिटायला नऊ वर्षं. वही मिटून मी खिचडी टाकली.

परत आले. पुण्यात दुसऱ्या कंपनीत लागले, खरेदी विभागात, आणि टेबलाच्या पलीकडे पोचलेही. डिग्रीने दार उघडलं. आत टिकले ती मशीनवर काढलेल्या वर्षांमुळे. पुरवठादाराने सांगितलेला सायकल टाइम खोटा आहे हे मला ऐकतानाच कळतं, आणि ते लीड्सला शिकवत नाहीत. व्याजावर आयकरात ८०ई खाली सूट मिळायची, ती आठ वर्षंच. माझी ती मुदत संपली तरी हप्ते चालूच होते. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि आई-बाबा दुर्गमध्ये भाड्याने राहिले. प्लॉटचे कागद सुटल्यावर घर बांधलं, पण जिना चढायचं वय निघून गेलं होतं म्हणून एकमजलीच. आईने यावर कधी एक अक्षर काढलं नाही. मला मात्र तिचं हे गप्प राहणं त्या साडेबारा टक्क्यांपेक्षा महाग वाटत आलं आहे.

आता भाचा निघाला आहे. कॉलेज संपायच्या आधीच इंग्लंडच्या मास्टर्सचं पत्र हातात. २०२१ पासून तिथे पुन्हा दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, असं तो मला समजावत होता; १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीडच वर्षाचा होणार, हे मी त्याला समजावलं. सहकर्जदार म्हणून माझी सही हवी आहे त्याला.

सही करायला माझी ना नाही. दोन अटी घातल्या आहेत: आधी तीन वर्षं इथे नोकरी, आणि कर्जाचा हप्ता रायपूर-पुण्याच्या पगारातून फिटतो असा हिशेब त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेला. पहिली अट ऐकून त्याने फोन ठेवला. दुसरीवर त्याच्या आईने मला सुनावलं. कागद अजून माझ्याकडे कोरेच आहेत.