कॅमडन पार्कची गोष्ट

मुलांनो, चला, आज ऑस्ट्रेलियाला जाऊ या! सिडनी शहरापासून थोड्याच अंतरावर कॅमडन पार्क नावाची जुनी शेतवाडी आहे.

१८०५ मध्ये इंग्रज सरकारनं जॉन मॅकार्थरला तिथं ५,००० एकर जमीन दिली. कशासाठी? मेंढ्या पाळायला! त्याच्या सुरुवातीच्या मेंढ्या कुठल्या होत्या, ओळखा पाहू? आपल्या बंगालच्या! मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या मागाहून आल्या. १८०९ ते १८१७ जॉन इंग्लंडात अडकून पडला, तेव्हा सारा कारभार त्याच्या पत्नीनं, एलिझाबेथनं, सांभाळला. १८३५ मध्ये तिथं भलंमोठं घर उभं राहिलं. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिलं.

पण थांबा! सरकारनं दिलेली ती जमीन मुळात होती कुणाची? तिथं हजारो वर्षं धारावल लोक राहत होते. त्यांच्याकडे ना सातबारा, ना कसला कागद. त्यांना कुणी विचारलंच नाही. १८१६ मध्ये जवळच्या ॲपिनला सैनिकांनी त्यांची निदान १४ माणसं मारली. त्यांत बायकामुलंही होती.

सहलीला गेलात आणि एखादा जुना वाडा दिसला, की तो बांधला कुणी हे तुम्ही विचारताच. आता आणखी एक प्रश्न विचारा : त्याआधी इथं कोण राहत होतं?