मरीपर्यंतची सफर

वाळवंटात जायचे म्हटले की पाण्याची काळजी करावी लागते, एवढे आम्हाला ठाऊक होते. मात्र ती काळजी पाणी कमी पडण्याची नसून जास्त झाल्याची असेल, असे कधी वाटले नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता अम्मींना घेऊन ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरी गेलो होतो. धाकटा भाऊ तेथे नोकरीला असतो. आमच्या येण्याआधीच त्याने बेत आखून ठेवला होता. त्याच्याकडे चारही चाकांना जोर असलेली, जुनी पण दणकट गाडी आहे. ती घेऊन उत्तरेला मरी या गावी जायचे, तेथून बर्ड्सव्हिल ट्रॅक नावाच्या ५१७ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने बर्ड्सव्हिलला, मग सिम्प्सन वाळवंट पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचे आणि उडनाडाटा ट्रॅकने पुन्हा मरीला यायचे. जेवणे आटोपल्यावर त्याने दिवाणखान्यात नकाशा पसरला, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, “गावाचं नाव मरी? अरे, आपल्याकडे मरी आली की लोक गाव सोडून जायचे, आणि तू आम्हाला तिथे नेतोस?”

सगळे हसलो. पण या नावामागे आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी हकिगत आहे, ती आधी सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात घोडा आणि बैल टिकत नसत, कारण दोन पाणवठ्यांमधले अंतर फार. म्हणून इंग्रजांनी उंट मागवले. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून २४ उंट गेले. १८६५ च्या अखेरीस कराचीहून निघालेले एक जहाज शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले घेऊन पोर्ट ऑगस्टा बंदराला लागले. कराची त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यात होती, हे विसरू नये. पुढच्या काही दशकांत असे सुमारे दोन हजार उंटवाले तेथे गेले. कोणी बलुचिस्तानचे, कोणी पेशावरचे, कोणी सिंध-पंजाबचे. तिथल्या लोकांनी सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले. तारायंत्राचे सामान, आगगाडीचे रूळ, मेंढपाळांचे पीठ आणि लोकर, सगळे त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेले. तिकडच्या प्रसिद्ध ‘घान’ आगगाडीचे नावही अफगाणवरूनच पडले आहे. मरी हे या उंटवाल्यांचे मोठे ठाणे. १८८० च्या दशकात त्यांनी तेथे मातीची मशीद बांधली होती.

अम्मींनी हे सारे ऐकले आणि त्यांचा बेत ठरून गेला. “वाळवंट तुम्ही बघा. मला त्या कब्रस्तानात फातिहा पढायची आहे.”

निघण्याच्या आठवडाभर आधी भावाने सरकारी रस्ते-अहवाल पाहायला सुरुवात केली, आणि एकेक रेघ लाल होत गेली. मार्चमध्ये हजारभर किलोमीटर दूर, क्वीन्सलँडच्या पश्चिम भागात मुसळधार पाऊस पडला होता. ते पाणी आता, कोरड्या आकाशाखाली, दक्षिणेकडे सरकत होते.

आम्ही चिपळूणकडची माणसे. पूर म्हणजे काय हे आम्हाला कोणी सांगायला नको. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी रातोरात घरात शिरले, तेव्हा अम्मींना माळ्यावर चढवून आम्ही सकाळची वाट पाहिली होती. पण आपला पूर तासांत येतो आणि दिवसांत ओसरतो. तिकडचा पूर चालत येतो. डायमँटिना, जॉर्जिना, कूपर या नद्यांना धड एकच पात्र नाही. सपाट जमिनीवर त्यांच्या शेकडो शिरा पसरतात. आयर सरोवराचे, म्हणजे मूळ अरबाना लोकांच्या ‘काटी थांडा’चे, पाणलोट क्षेत्र ऑस्ट्रेलियाच्या सुमारे एक षष्ठांश भूमीएवढे आहे. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली. पाणी तिथे येते आणि थांबते, पुढे समुद्राला मिळत नाही. उन्हाने आटेल तेवढेच कमी होते. एरवी तिथे मिठाचे पांढरे पठार असते. पाणी पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून पाऊस थांबून दोन महिने झाले तरी रस्ता बंद, हे कोडे आम्हाला सुटायला वेळ लागला.

पहिला बेत मोडला. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाणी होते. भावाने दुसरा काढला: उलट दिशेने जाऊ, पश्चिमेकडून वाळवंटात शिरू. सिम्प्सनमध्ये अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या एकीला एक समांतर, उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. तेलाचा शोध घेणाऱ्यांनी पाडलेल्या वाटा त्यांना आडव्या छेदतात. पण पूर्वेच्या टोकाला आयर क्रीक नावाचा ओहोळ आडवा येतो, आणि त्यालाही पाणी आले होते. पाचशेहून अधिक किलोमीटर पेट्रोलपंप नसलेल्या मुलखात, शेवटच्या टप्प्यावर पाणी आडवे आले तर सारा रस्ता परत फिरायचा. तेवढे इंधन आणि पाणी गाडीत मावणार नव्हते. दुसराही बेत मोडला.

तिसरा बेत अम्मींचा होता. “मरीपर्यंत डांबरी सडक आहे ना? मग मरीपर्यंत जाऊ. पुढचं पुढे.”

तरी तयारी भावाने वाळवंटाचीच केली. माणशी रोजचे दहा लिटर पाणी, तेही एका टाकीत न ठेवता वेगवेगळ्या डब्यांत. दोन जादा टायर, टायरची हवा कमी करून पुन्हा भरायचा पंप, फावडे, चाकाखाली घालायच्या फळ्या, उपग्रहाचा फोन. टेकडीपलीकडून येणाऱ्या गाडीला दिसावा म्हणून उंच काठीवरचा झेंडाही. अम्मींच्या रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट. आमच्याकडे काम होते कोरडा शिधा बांधण्याचे: रवा, खजूर, सुका जवळा आणि अम्मींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या, ज्या पहिल्याच दिवशी संपल्या.

भावाने एक नियम सर्वांकडून पाठ करून घेतला. गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचे एक अख्खे कुटुंब रस्ता चुकून, पेट्रोल संपून तहानेने दगावले होते. हे त्याने सांगितले तेव्हा अम्मींनी मोठ्याने दुआ पढली आणि पाण्याचा आणखी एक डबा ठेवायला लावला. उंट बांधून मग तवक्कल करण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ती डब्यांच्या हिशेबात दिसली.

निघण्याआधी जुमा अ‍ॅडलेडच्या मशिदीत पढला. लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची ही दगडी मशीद १८८८-८९ मध्ये उंटवाल्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. चार मिनार १९०३ मध्ये जोडले गेले. म्हातारपणी थकलेले कित्येक उंटवाले शेवटचे दिवस काढायला येथे येत.

सुमारे ६८० किलोमीटरचा रस्ता आम्ही दोन दिवसांत केला. पोर्ट ऑगस्टापर्यंत गव्हाची शेते, मग फ्लिंडर्सचे तांबूस डोंगर, क्वॉर्न, हॉकर, आणि लिंडहर्स्टनंतर फक्त आभाळ. मुसाफिर म्हणून कसर नमाज रस्त्याच्या कडेला चटई टाकून पढली. किबला आपल्यासारखाच पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. अम्मींना याचे फार समाधान वाटले. “एवढ्या लांब येऊनही तोंड तिकडेच,” त्या म्हणाल्या.

मरी म्हणजे शंभराच्या आतबाहेर वस्ती. १८८४ मध्ये येथे आगगाडी आली आणि रुळांनी गावाचे दोन भाग केले: एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला अफगाण आणि मूळनिवासी. आता रूळ निकामी आहेत, कारण ती लोहमार्गाची वाटही पुरात वारंवार वाहून जाई. शेवटी १९८० मध्ये नवा मार्ग पश्चिमेला दूर बांधला आणि जुना बंद केला. म्हणजे या मुलखात बेत बदलणारे आम्ही पहिले नव्हतो.

मातीची मूळ मशीद उरलेली नाही. तिच्या आठवणीसाठी एक साधी वास्तू उभारली आहे. आसपास खजुराची झाडे. आम्ही दोन रकात नफल पढली.

गावाच्या टोकाला सर्व वाटांचा फलक आहे. बर्ड्सव्हिल ट्रॅक: बंद. उडनाडाटा ट्रॅक: आदल्या रात्रीच्या सरीमुळे तोही बंद. त्या वाटेने नव्वदेक किलोमीटरवर सरोवराचा दक्षिण भाग दिसतो, तेवढा तरी दाखवायचा असे भावाने मनाशी धरले होते. इतक्यात चिखलाने खिडक्यांपर्यंत माखलेली एक गाडी त्याच वाटेने आली. चालक हसत म्हणाला, निघून जाईल तुमची गाडी, आम्ही आलोच ना.

भाऊ गाडीत बसला. किल्ली फिरवली नाही, पण हातही काढला नाही. “दुलाभाई, नव्वद किलोमीटर तर आहेत. ऊन पडलंय. दुपारपर्यंत वाळेल.”

बंद वाटेवर गाडी घालू नये याचे कारण केवळ दंड नाही. ओल्या चिकणमातीत एका गाडीच्या चाकाने फूटभर खोल चाकोरी पडते, ती वाळून सिमेंटसारखी होते, आणि तिच्यामागून येणाऱ्या टपालाच्या गाडीला, डॉक्टरला, शेतकऱ्याला ती दुरुस्ती होईपर्यंत भोगावी लागते. हे भावाला आमच्याहून चांगले ठाऊक होते. त्यानेच आम्हाला शिकवले होते. पण तो रागाने बोलला, “मी निघालो की नेमका रस्ता बंद असतो.”

मग आम्हा सर्वांना कळले की गोष्ट सरोवराची नाही. २०२१ च्या मे महिन्यात अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. जनाजा त्याने मोबाइलवर पाहिला. त्याविषयी तो आमच्याशी कधी बोलला नव्हता.

अम्मी मागच्या सीटवर होत्या. त्या म्हणाल्या, “बेटा, तेव्हा तू आला नाहीस म्हणून मी कधी तक्रार केली? हट्टाने निघाला असतास आणि कुठे अडकला असतास, तर मी तुझ्या अब्बांना रडले असते की तुझी वाट पाहत बसले असते? आणि चिपळूणला पाणी ओसरलं तेव्हा काय झालं होतं, विसरलास? पाणी गेलं म्हणजे रस्ता झाला असं नाही. खाली चिखल असतो. चल, कब्रस्तानात जाऊ.”

किल्ली निघाली. आम्ही गेलो.

मरीच्या कब्रस्तानात अफगाणांचा भाग वेगळा आहे. लाल माती, वारा, काही कबरींवर दगड, काहींवर नुसती निशाणी. याच गावात बेजा दरवेश राहिले आणि १९५७ मध्ये वारले. बलुचिस्तानचा हा माणूस हिंदुस्थानी फौजेत होता. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत त्यांनी वाळवंटात उंट सांभाळले, आणि मोहिमेच्या नेत्याने खूश होऊन त्यांना आपले होकायंत्र भेट दिले. त्यांचा मुलगा जॅक बेजा १९३९ मध्ये मॅडिगन यांच्या मोहिमेबरोबर सिम्प्सन वाळवंट ओलांडून गेला. पण बहुतेकांची नावेही नोंदलेली नाहीत. तीन वर्षांच्या करारावर आलेली ही माणसे, बायका सोबत आणता आल्या नाहीत, पुष्कळांना नागरिकत्व मिळाले नाही. १९२० च्या दशकात मोटारी आल्या आणि उंट निरुपयोगी झाले. कित्येकांनी आपले उंट मारण्याऐवजी मोकळे सोडले. घरी परतायची वाट त्यांच्यासाठीही बंदच होती.

भाऊ फातिहा पढताना बराच वेळ उभा राहिला. शेवटी तो अब्बांसाठी दुआ मागत होता, हे त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून कळले. अम्मी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलक तसाच होता. आम्ही परत फिरलो. वाटेत भावाने स्वतःहून विषय काढला, “पुढच्या मे महिन्यात बघू. तोवर पाणी जाईल.”

अम्मी म्हणाल्या, “इन्शाअल्लाह. आणि नाही गेलं तर तू चिपळूणला ये. तो रस्ता आता खुला आहे.”

पाण्याचे सहा डबे भरलेलेच परत आले. भावाने ते अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घातले.