आजोबांना न कळलेले आडनाव

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना लपवून वाचवल्याच्या कथा युरोपीय चित्रपटांत अनेकदा आल्या असल्या, तरी ज्याने तो लपण्याचा काळ स्वतः भोगला त्यानेच पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहून तो सांगावा, असे फार थोड्या वेळा घडले आहे. क्लोद बेरी या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९६७ मधील ‘ल व्हियेय ऑम ए लाँफाँ’, म्हणजे ‘म्हातारा आणि मूल’, हा कृष्णधवल चित्रपट अशा थोड्यांपैकी एक होय. बेरी यांचा जन्म १९३४ मध्ये पॅरिसमध्ये, पूर्व युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील फरच्या कपड्यांचे कारागीर होते आणि कुटुंबाचे खरे आडनाव लांगमान असे होते. चित्रपटातील आठ वर्षांच्या मुलाचे नावही क्लोद लांगमानच आहे. दिग्दर्शकाने पात्राला स्वतःचेच नाव द्यावे, यातून हे अनुभवकथन आहे आणि त्याची जबाबदारी आपण घेतो, असे त्याने पहिल्यापासूनच मान्य केलेले दिसते.

ज्या परिस्थितीत हे मूल लपवावे लागले तिचा थोडा उलगडा आवश्यक आहे. १९४० मध्ये जर्मनीपुढे शरणागती पत्करल्यावर फ्रान्सचा उत्तर व पश्चिम भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला आणि उरलेल्या भागाचा कारभार व्हिशी या गावातून मार्शल पेतँ यांच्या सरकारने चालवला. या सरकारने जर्मनांची वाट न पाहता ऑक्टोबर १९४० मध्येच ज्यूंना सरकारी नोकऱ्या व अनेक व्यवसायांतून दूर करणारा कायदा केला. जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागातील ज्यूंना कपड्यांवर पिवळी चांदणी शिवून फिरावे लागले, आणि त्याच वर्षीच्या १६ व १७ जुलैला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडले, त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून छळछावण्यांकडे रवाना झालेल्या सुमारे ७६,००० ज्यूंपैकी अकरा हजारांहून अधिक मुले होती. तरीही फ्रान्समधील बहुसंख्य ज्यू मुले वाचली, आणि त्यांतील अनेक खेड्यांतील कुटुंबे, मठ, कॉन्व्हेंट व वसतिगृहे यांत विखरून ठेवल्यामुळे वाचली.

मूल लपवणे म्हणजे त्याला माळ्यावर कोंडून ठेवणे असे क्वचितच असे. बहुतेक मुले उघड्यावरच, शाळेत जात, इतरांबरोबर खेळत लपलेली होती, आणि म्हणून लपण्याचे सारे ओझे त्यांच्या जिभेवर आणि देहावर येऊन पडे. चित्रपटात क्लोदला एका कॅथलिक परिचिताच्या मध्यस्थीने खेड्यातील वृद्ध जोडप्याकडे पाठवले जाते, तेव्हा तो लांगमानचा लोंगे होतो. कॅथलिकांची रोजची प्रार्थना त्याला पाठ करावी लागते आणि अंघोळीच्या वेळी कोणासमोर उघडे व्हायचे नाही, हे त्याच्या मनावर बिंबवले जाते, कारण सुंता झालेला देह एका क्षणात सारे उघड करू शकत होता. आठ वर्षांच्या मुलाने आजीच्या हातून अंघोळ घालून घेण्यास हट्टाने नकार द्यावा आणि तिला तो निव्वळ लाजाळूपणा वाटावा, हा प्रसंग वरवर गमतीचा असला तरी त्याच्या तळाशी असलेली भीती प्रेक्षकाला एकट्यालाच, त्या मुलाबरोबर, सोसावी लागते.

आजोबा, मुलाच्या तोंडी ‘पेपे’, हे पात्र मिशेल सिमाँ या थोर नटाने साकारले आणि त्यासाठी त्याला १९६७ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला. पेपे पहिल्या महायुद्धात लढलेला आहे. वेर्दँच्या लढाईत फ्रेंच फौजांचे नेतृत्व करणारे पेतँ त्याच्या पिढीला देवासारखे होते, आणि म्हणून तेच पेतँ आता जे सांगतील ते खरे, अशी त्याची श्रद्धा आहे. देशाच्या साऱ्या दुर्दशेचे खापर तो इंग्रज, बोल्शेविक, फ्रीमेसन आणि ज्यू या चौघांवर फोडतो. हाच माणूस घरातले ससे कापून खाण्यास नकार देतो, म्हाताऱ्या कुत्र्याला माणसासारखे टेबलाशी बसवून चमच्याने भरवतो आणि शहरातून आलेल्या या परक्या पोरावर जीव टाकतो. बेरी यांनी त्याच्या द्वेषाला सौम्य केलेले नाही आणि त्याच्या मायेला खोटेही ठरवलेले नाही. एकाच छातीत या दोन गोष्टी एकमेकींना स्पर्श न करता राहू शकतात, हे त्यांनी बालपणी जवळून पाहिले होते.

ज्यू कसा ओळखावा, याचे धडे पेपे मुलाला देतो, तो प्रसंग चित्रपटाचा गाभा म्हणावा लागेल. नाक कसे असते, वास कसा असतो, हे तो तपशिलाने सांगतो. आधी मूल स्वतःविषयी घाबरते, पण मग त्याच्या ध्यानात येते की ही सारी लक्षणे समोरच्या म्हाताऱ्याच्याच भल्यामोठ्या नाकाला अधिक लागू पडतात, आणि ते तसे बोलूनही दाखवते. घरात सत्य ठाऊक असणारे ते एकटेच आहे, आणि ज्ञानाचा हा अधिकार ते खोडकरपणाने वापरते, परंतु त्या अधिकाराने म्हाताऱ्याला जखम करत नाही. बेरी यांच्या अनुभवकथनातील सर्वांत सूक्ष्म निरीक्षण इथे आहे, असे मानावेसे वाटते: म्हातारा मुलाला आसरा देतो हे खरेच, पण म्हाताऱ्याचे त्याच्यावरचे प्रेम अबाधित राहावे, याची काळजी मात्र मूल घेते.

अशा न कळता केलेल्या दयेचे मोल काय, हा प्रश्न टाळता येत नाही. जेरुसलेममधील याद वाशेम ही स्मारकसंस्था ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंना १९६३ पासून ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ असा सन्मान देते. त्यासाठी वाचवणाऱ्याने जाणूनबुजून, स्वतःचा जीव वा स्वातंत्र्य धोक्यात घालून आणि मोबदल्याच्या अपेक्षेविना ते केलेले असावे लागते. पेपे या कसोटीस उतरणार नाही आणि उतरूही नये, कारण सत्य कळले असते तर त्याने काय केले असते, हे चित्रपट सांगत नाही. फ्रान्समधील लपवलेली मुले वाचली ती प्रामुख्याने जाणत्यांच्या धैर्यामुळे. ज्यू बालकांसाठी काम करणाऱ्या ‘ओझे’ या संस्थेतील जॉर्ज गारेल यांच्यासारख्यांनी गुप्त जाळी उभारली, खोटी कागदपत्रे केली आणि कोणते मूल कुठे आहे याची नोंद जपली.

त्या धैर्याची किंमत लुई माल यांच्या १९८७ मधील ‘ओ रव्हुआर लेझाँफाँ’ या चित्रपटात दिसते, आणि तोही बालपणीच्या अनुभवातूनच आलेला आहे. माल अकरा वर्षांचे असताना, १५ जानेवारी १९४४ रोजी, फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ येथील त्यांच्या निवासी शाळेवर गेस्टापोचा छापा पडला. मुख्याध्यापक फादर झाक यांनी खोट्या नावांनी ठेवलेली तीन ज्यू मुले पकडली गेली आणि ऑशविट्झमध्ये मारली गेली, तर स्वतः फादर झाक छळछावणीतून सुटल्यावर काही आठवड्यांतच, जून १९४५ मध्ये, मरण पावले. बेरी हे वाचलेल्याचे कथन करतात आणि माल पाहणाऱ्याचे. म्हणूनच बेरी यांना जो हसरा सूर परवडतो तो माल यांना परवडत नाही.

बेरी यांचा चित्रपट आला तेव्हा सारा देश जणू प्रतिकारात उतरला होता, अशी समजूत फ्रान्समध्ये अजून रूढ होती. दिग्दर्शक फ्राँस्वा त्र्युफो यांनी या चित्रपटाचे मनापासून स्वागत केले ते याच कारणाने, की ज्यांनी धड प्रतिकारही केला नाही आणि धड शत्रूला साथही दिली नाही, अशा बहुसंख्य सामान्य फ्रेंच माणसांचे खरे चित्र त्यात होते. शेवटी फ्रान्स मुक्त होतो, पेपेची पेतँनिष्ठा पोरकी होते आणि मूल आपल्या आईवडिलांकडे परतते, पण आपण कोण होतो हे पेपेला सांगत नाही. ते सांगितले गेले असते तर म्हाताऱ्याचे हृदयपरिवर्तन दाखवण्याची सोय झाली असती. बेरी यांनी ती नाकारली, कारण बहुतेक पेपे आपली मते तशीच घेऊन जगले. क्लोदची भूमिका करणारा आलँ कोएन मात्र पुढे ‘ल सिनेमा द पापा’ आणि ‘ला प्रमिएर फ्वा’ या बेरी यांच्या आत्मचरित्रपर चित्रपटांतही दिसला, आणि लांगमान घरातल्या त्या मुलाचे वाढणे त्याच चेहऱ्याने पडद्यावर पुढे चालू राहिले.