एक 'ठीकठाक' सीझन

शुक्रवारी अप्रेझल झालं. शेरा: 'ठीक'. लाखांदूरला फोन लावला, तर बाबांनी धानाचं सोडून रणजीचंच काढलं. "विदर्भाचा २०२२-२३ चा सीझन आठवते का रे?"

आठवतो की! गटातून मध्य प्रदेश अन् पंजाब पुढे गेले, आपण घरी. पण त्याच सीझनमध्ये, जानेवारी २०२३ ला जामठ्यात, पहिल्या डावात ७४ वर गारद झालेल्या आपल्या टीमने गुजरातला ७३ करू दिले नाहीत! ५४ वर खल्लास, आदित्य सरवटेचे ६ बळी. रणजीत इतकं छोटं टार्गेट तोवर कुणीच राखलं नव्हतं. अन् २०२४-२५ ला ट्रॉफी पुन्हा आपली.

"तुझी अशी मॅच कोणती?" बाबांनी विचारलं.

दिवाळीच्या रात्री एकट्याने सावरलेला रिलीज. फॉर्ममध्ये लिहायलाच विसरलो होतो! सोमवारी मॅनेजरशी बोलतो. तुमची कोणती?