भंगारातली कुलुपं

किल्लीशिवाय कुलूप उघडायचा सराव करायला नवं कुलूप लागत नाही. सुट्टीत मी भंगारवाल्याकडून किल्ल्या हरवलेली ५ कुलुपं वजनावर आणली. आपल्या ट्रंकांना असतात ती लिव्हरची कुलुपं नवख्याला जड जातात. किल्लीची फट नागमोडी असेल ते घ्यावं. आत बहुधा पिना असतात. स्वस्त कुलपात पिनांची भोकं नीट एका रेषेत नसतात, म्हणून हलका पीळ दिला की एका वेळी एकच पिन अडते आणि बोटाला कळते.

माझा छंद कळताच शेजारच्या दोघांनी ट्रंकेची कुलुपं बदलली. वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आता माझी हत्यारं हाऊसमास्तर सरांकडे असतात. सराव रविवारी, त्यांच्यासमोर, फक्त माझ्या कुलपांवर. ३ उघडली. चौथं गंजलंय, तेल सोडून ठेवलंय.