अष्टमीची भरती

फाल्गुन जवळ आला की आमच्या पुण्यातल्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय भिंतीवरून उतरून टेबलावर येतं. गेले पंधरा दिवस ते तिथेच आहे. भोवती सहा माणसं, मध्ये पोह्यांचं पातेलं, आणि वाद एकच: कयाक घेऊन समुद्रावर कोणत्या तिथीला जायचं?

कुठे जायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. मालवणच्या दक्षिणेला देवबागची जमीन निमुळती होत जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. पलीकडे भोगवे, त्याच्या खाली निवती. संगमातून बाहेर पडून किनारा डाव्या हाताला ठेवत निवतीकडे जायचं, दोन रात्री वाळूवर तंबू ठोकायचे आणि परत यायचं. दिवसही वसंताचेच हवेत. काजूला बोंडं धरलेली असतात, वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या वळेसरांचा वास गाडीत शिरतो, आणि पावसाळ्याआधीच्या लाटा अजून दूर असतात.

माझी भाची म्हणाली, होळीच्या पौर्णिमेलाच जाऊ या. चांदण्यात वाळू, चांदण्यात पाणी! तिला नाही म्हणणं जिवावर आलं. मलाही ते चांदणं हवंच होतं. मी देवबागच्या काकांना फोन लावला. त्यांचं अख्खं आयुष्य रापण ओढण्यात गेलं आहे. क्षणभर थांबून ते म्हणाले, "पुनवेक येव नकात. अष्टमीक येवा. तेवा पाणी गरीब आसता."

या एका वाक्यात सगळं नियोजन आहे. कोकणात भरतीचा हिशेब बोटांवर करतात: तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ येते. पौर्णिमेची तिथी १५, तिची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दुपारी दोन-अडीचला ओहोटी सर्वांत जोरात असते आणि कर्ली सगळं पाणी घेऊन समुद्रात घुसत असते. नेमके तेव्हाच खारे वारे भरात येतात, समुद्राकडून जमिनीकडे. पाणी बाहेर, वारा आत. संगमावर दोघांची गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा फुटतात, आणि कयाक पाण्याला इतकी टेकलेली असते की त्या लाटा थेट छातीवर येतात. त्यातून ही पौर्णिमा विषुवदिनाच्या मागेपुढे येणारी, म्हणजे उधाणही मोठं.

अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीवरून काटकोनात दिसतात, एकाची ओढ दुसऱ्याची ओढ कमी करते. हीच भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती पुरी, उजाडताना पाणी हळूच उतरू लागलेलं, आणि जमिनीवरून येणारे मतलई वारे पाठीशी. दुपारी वारा फिरतो तेव्हा पाणीही फिरलेलं असतं. दोघंही आत येतात, भांडत नाहीत. सकाळची एकच काळजी: वारा आणि ओहोटी मिळून होडीला बाहेर ढकलतात, म्हणून किनारा सोडायचा नाही.

काकांचं म्हणणं मला शास्त्रासारखं पटलं आणि कवितेसारखं आवडलं. होळीनंतरची कृष्ण अष्टमी ठरली. चांदणं गेलं. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवेल. भाची हिरमुसली, तेव्हा मी तिला कासवांचं सांगितलं. याच महिन्यांत या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात आणि सर्वांत उजळ दिसणाऱ्या दिशेला चालू लागतात. अंधारात ती दिशा समुद्राची असते. तंबूबाहेर टॉर्च पेटवला तर ती आपल्याकडे वळतील. म्हणून रात्री दिवा नाही, आणि तंबू भरतीच्या रेषेच्या वर, पण घरट्यांपासून दूर, गावातल्या माणसांना विचारून. ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना आधीच कळवायचं. अंधाराचं एक दानही आहे: कधी कधी लाट फुटताना पाणी निळसर चमकतं. चांदण्यात ते दिसत नाही.

उरलेली यादी लहान आहे, जड आहे ती पाण्याची. माणशी रोज ४ लिटर, सहा माणसं, तीन दिवस: ७२ लिटर, म्हणजे ७२ किलो. तीन होड्यांमध्ये वाटलं तरी दर होडीत २४ किलो; ते तळाशी, मधोमध बसायला हवं. मालवणी होडीला आधाराला उलंडी असते. कयाकला नसते, तिचा तोल बसणाऱ्याच्या कमरेत असतो. तांदूळ, कुळथाची पिठी, सुकट, कोकमं आणि कांदे. बाकीचं समुद्रकाठची गावं देतात.

वेग ठरवला तो ताईच्या हातांवरून. वय ५८. तासाला ३ किलोमीटर जमतात, वारा समोर आला की दोन. जो सर्वांत हळू वल्हवतो तोच पुढे राहील, आणि सगळ्या वेळा त्याच्या वेगाने मोजायच्या, यावर मात्र कुणीच वाद घातला नाही.

गेल्या रविवारी पवनेच्या जलाशयावर सराव केला. प्रत्येकाने होडी मुद्दाम उलटवायची आणि पुन्हा चढायचं. भाचीला पोहता येत नाही; लाइफ जॅकेटचे पट्टे मी दोनदा ओढून पाहिले. ती पडली, वर आली, खोकली. होडीची कड धरून बराच वेळ लोंबकळली. तिसऱ्या खेपेला पोटावर सरपटत आत चढली आणि वल्हं मांडीवर आडवं धरून गप्प बसली. केसांतून पाणी निथळत होतं.

मग म्हणाली, "मावशी, सप्तमीलाच निघालो तर एक रात्र जास्त मिळेल ना?" मी उत्तर देणार, एवढ्यात तिनेच बोटं मोजली. "साताची पाऊणपट... सव्वापाच. ओहोटी अंधारातच लागेल. नको, अष्टमीच बरी."